कारणाचा रकाना

दालमिलच्या वरच्या खोलीत
दर गुरुवारी, दोन ते पाच,
मी हा निधी उघडते.
म्हणजे कपाट उघडते, वही काढते,
पंख्यानं पानं फडफडू नयेत म्हणून
वर लोखंडी मापटं ठेवते.
मापटं त्यांचंच, मन्मथप्पांचं.
आतून अजून तुरीचा वास येतो,
का मलाच येतो, कोण जाणे.

मन्मथप्पा हालगे यांचा फोटो खोलीत नाही.
लावू नका, म्हणाले होते.
खिळा तेवढा आहे. त्याला कॅलेंडर.

मृत्युपत्र दीड पानाचं.
वकिलाला न विचारता लिहिलं असावं,
कारण त्यात असं वाक्य आहे:
'गावचा कोण? ज्यानं तीन उन्हाळे
उदगिरात टँकरची वाट पाहिली, तो गावचा.'
त्यामुळे रुळांपलीकडच्या पालातली
सटवाबाई गावची ठरली,
आणि पुण्यात राहून इथली घरपट्टी भरणारे
दोन पंच ठरले नाहीत.

वहीत रकाने छापील.
नाव, गल्ली, तारीख, रक्कम,
सही किंवा अंगठा.
शेवटी कारण.
तो कोरा ठेवायचा, ही दुसरी अट.
'कारण ऐका. पटलं तर द्या.
लिहू मात्र नका.'

का, ते कागदावर नाही.
पण खाली पोती मोजणारा चांदपाशा सांगतो:
आप्पा आठेक वर्षांचे असताना
त्यांची आई एका पेढीवर
पायलीभर ज्वारी मागायला गेली.
मुनिमानं कारण लिहून घेतलं
आणि पोळ्याला, चारचौघांत,
मोठ्यानं वाचून दाखवलं.
पुढं ती त्या रस्त्यानं गेलीच नाही.
देवळाला जायचं तरी वळसा घालून.
"आप्पा त्यो वळसा इसरला न्हाई बगा,"
म्हणतो, आणि तंबाखू मळत बसतो.

लोक येतात.
खिडकीशी उभं राहून आधी उन्हाचं बोलतात.
मग डायलिसिसचं, किंवा
माहेरी आणून सोडलेल्या लेकीचं.
एक शिंपी अर्धा तास बसून राहिला,
सांगताच येईना त्याला.
मी दिले.
"काय लिवायलाव बाई?" म्हणाला.
मी वही त्याच्याकडं फिरवली.
ती कोरी जागा त्यानं बोटानं चाचपली,
कापडाची वीण बघावी तशी.

आता कॉम्प्युटर आलाय.
पंचांचा नातू बसवून गेला.
कारण सोडून पुढं गेलं की चौकट लाल होते,
भरणे आवश्यक, म्हणते.
बैठकीत सगळे म्हणाले, पारदर्शकता.
मी चहाच्या कपातली साय बाजूला करत राहिले.

जुन्या वह्या स्कॅन करताना
अठ्ठ्याऐंशीच्या वहीत माझे वडील निघाले.
नागनाथ वाघमारे, तेलगल्ली.
एकशे चाळीस रुपये.
सही घाईची, शेवटची अक्षरं एकमेकांवर चढलेली.
तेव्हा मी चौथीत होते.
त्या वर्षी आई काही दिवस घरी नव्हती,
एवढंच आठवतं.
आता विचारायला दोघंही नाहीत.

मी पान उजेडात धरलं.
कारणाच्या जागी नुसता कागद,
पिवळट, कडेला झुरळाचा डाग.
राग आला आप्पांचा. खरंच आला.
एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं?
घरी जाताना, भाजी घेताना कधीतरी,
तो राग उतरला.
जे झाकलं होतं, ते
माझ्यापासूनही झाकलेलं राहिलं.
बापाला तेवढा हक्क होता.

आज सटवाबाई आली.
बसली, पाणी प्याली, सांगितलं.
सोळाशे दिले.
चौकट लाल झाली.
मी लिहिलं: 'काम होतं.'
उशिरा घरी आले की वडील एवढंच म्हणायचे,
आणि हातपाय धुवायला जायचे.
चौकट हिरवी झाली.

खाली मिल सुरू झाली तेव्हा
वहीवरचं मापटं
बारीक थरथरत होतं.